विशेष नाहीत : एका केसपेपरावरील भाष्य

पुढची नोंद कोणा एका रुग्णाची नाही. मानसोपचाराच्या ओपीडीत केसपेपरावर रोज जे उमटते, त्या वळणाने मी ती रचली आहे. माणूस काल्पनिक, ओळी नेहमीच्या. टीका लिहायला मूळ ग्रंथ थोरच लागतो असे नाही. घाईत खरडलेला कागदही चालतो, फक्त लिहिणाऱ्याने काय गृहीत धरले होते ते ओळीओळीतून काढता आले पाहिजे.

मूळ

१. पुरुष, वय ३४, अविवाहित, काम नाही. सोबत आई.
२. निदान : स्किझोफ्रेनिया, ११ वर्षे. गोळ्या अनियमित.
३. गांजा रोज १-२ चिलीम. दारू कधीमधी. बिडी १ बंडल.
४. कारण : गांजा.
५. नशेचे दुष्परिणाम : विशेष नाहीत. प्रश्नावली : ४५ पैकी ७.
६. पैशांची अडचण : नाही.
७. पोलीस केस : नाही.
८. लघवी : गांजा पॉझिटिव्ह.
९. आई म्हणते, ओढली की शांत बसतो.
१०. आजाराची जाण : नाही.
११. सल्ला : नशा बंद. पुन्हा १५ दिवसांनी.

ओळ १. पुरुष, वय ३४, अविवाहित, काम नाही. सोबत आई.

ओळख करून देणारी ओळ समजून डोळा पुढे सरकतो. पण पाचव्या ओळीतला सात हा आकडा इथेच ठरून गेला आहे. 'अविवाहित' आणि 'काम नाही' ही दोन पदे नकाराची आहेत, आणि नशेने काय गमावले हे विचारण्याआधी गमावण्यासारखे हाताशी काय होते, ते हीच पदे सांगतात. त्यांचा हिशेब पुढे येईल.

'सोबत आई' हे तिसरे पद. आपल्याकडे ओपीडीतल्या बाकावर रुग्णाशेजारी घरचे कोणीतरी बसलेले असते. रुग्णाच्या वागण्याची रोजची खबर असलेला साक्षीदार असा आयता मिळणे ही मोजमाप करणाऱ्याची चैन आहे. या नोंदीत तिला नवव्या ओळीपर्यंत कोणी काही विचारलेले दिसत नाही.

ओळ २. निदान : स्किझोफ्रेनिया, ११ वर्षे. गोळ्या अनियमित.

मनोविकार आणि नशा एकाच माणसात भेटणे अपवादाचे नाही. अमेरिकेत पाच ठिकाणच्या वीस हजारांहून अधिक लोकांची पाहणी १९९० साली प्रसिद्ध झाली. स्किझोफ्रेनिया असलेल्यांपैकी ४७ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी दारूचा किंवा अन्य नशेचा विकार जडला होता. सर्वसाधारण लोकांत हे प्रमाण १७ टक्क्यांच्या आसपास होते. आपल्याकडे बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली, ती बारा राज्यांत; त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. २०१९ साली आलेल्या दिल्लीच्या एम्सच्या देशव्यापी पाहणीने दारू पिणारे १६ कोटी आणि भांग, गांजा, चरस घेणारे ३ कोटींहून अधिक असा अंदाज दिला. पण तिचा विषय नशा हा होता, मनोविकार नव्हे.

'अनियमित' हा शब्द इथे निदानाच्या शेपटीला अडकवला आहे. तो खरे तर पाचव्या ओळीचा ऐवज. गांजा ओढला त्या रात्री गोळी राहते हा नशेचा परिणाम आहे, आणि या रुग्णाच्या बाबतीत तो बहुधा सगळ्यांत महागडा परिणाम आहे, कारण गोळी सुटली की आजार उलटतो. उलट बाजूही आहे. गोळीने अंग आखडते, जीभ जड होते, डोके बधिर वाटते, म्हणून गांजा ओढतो असे सांगणारे पुष्कळ भेटतात. माणूस आपल्या त्रासावर आपणच औषध शोधतो हा विचार एडवर्ड खांत्झियन यांनी १९८५ मध्ये मांडला, तेव्हापासून त्यावर वाद चालू आहे. 'अनियमित' या एका शब्दात तो अख्खा वाद मुटकुळे करून बसला आहे.

ओळ ३. गांजा रोज १-२ चिलीम. दारू कधीमधी. बिडी १ बंडल.

नोंदीतली ही सर्वांत नेटकी ओळ. पदार्थ, प्रमाण, वारंवारता. पण चिलीम हे माप आहे का? चिलीम चौघांत फिरते. त्यात किती भरले, कोणाच्या वाट्याला किती झुरके आले, माल कसला होता, हे ती सांगत नाही. 'कधीमधी' तर मापच नाही, तो संकोच आहे.

हे दोष क्षम्य आहेत. मोठा दोष असा की प्रमाणावरून परिणामाचा अंदाज बांधण्याची सवय आपल्याला ही ओळ लावते. थोडी नशा, थोडे नुकसान. निरोगी माणसाच्या बाबतीत हा त्रैराशिकाचा हिशेब बऱ्यापैकी चालतो. मनोविकार असलेल्याच्या बाबतीत तो मोडतो. किम म्यूझर, रॉबर्ट ड्रेक आणि मायकेल वॉलक यांनी १९९८ मध्ये याची मांडणी केली. हा मेंदू मुळातच हळवा असतो, त्यामुळे इतरांना ज्याने काही होणार नाही तेवढ्या नशेने तो कोलमडतो. अशा रुग्णांत दारू सोडल्यावर हात थरथरणे, घाम फुटणे अशी शारीरिक व्यसनाची लक्षणे तुलनेने कमी आढळतात, कारण ते पितातच कमी. नुकसान मात्र भरपूर असते. म्हणजे कितीचा आकडा लहान म्हणून निश्चिंत व्हायचे, तर नेमके इथे होता येत नाही.

बिडीकडे कोणी पाहत नाही. बिडी आणि सिगारेटच्या धुरातली काजळीसारखी द्रव्ये यकृतातल्या १ए२ नावाच्या विकराला चेव आणतात. क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही मनोविकारांवरची दोन महत्त्वाची औषधे तेच विकर निकालात काढते. बिडी ओढणाऱ्याच्या रक्तात औषधाची पातळी त्यामुळे कमी राहते. डॉक्टर म्हणतात गोळी लागू पडत नाही, डोस वाढवतात. पुढे रुग्ण वॉर्डात दाखल होतो, तिथे बिडी बंद, विकर काही दिवसांत थंडावते आणि तोच डोस जास्तीचा होऊन माणूस दिवसभर झोपून काढतो. घरी गेल्यावर पहिल्या आठवड्यात बंडल सुरू, पातळी पुन्हा खाली. हे करणारा धूर आहे, निकोटिन नव्हे. म्हणून चुना लावून तंबाखू मळणाऱ्याच्या औषधावर हा परिणाम होत नाही. केसपेपरावर 'तंबाखू : होय' असा एकच रकाना असेल, तर ओढणारा आणि मळणारा त्यात एक होऊन जातात, आणि बिडीचा परिणाम औषधाच्या खात्यावर नामे पडतो.

ओळ ४. कारण : गांजा.

दोन शब्दांची ओळ, आणि तिला सव्वाशे वर्षांहून जुना इतिहास आहे.

ब्रिटिश संसदेत विल्यम केन या खासदाराने गांजाचा प्रश्न लावून धरला, आणि १८९३ मध्ये हिंदुस्थान सरकारने भांग-गांजाची चौकशी करायला आयोग नेमला. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. आयोगाने ११९३ साक्षी घेतल्या. त्याच्यापुढचा एक कळीचा प्रश्न असा : गांजाने वेड लागते का? पुरावा तयारच होता. कुलाबा, पुणे, रत्नागिरी, धारवाडपासून बंगालपर्यंतच्या वेड्यांच्या इस्पितळांत नोंदवह्या होत्या आणि त्यांत कारणाचा रकाना होता. १८९२ सालात दाखल झालेल्या १३४४ जणांपैकी २२२ जणांपुढे गांजा, भांग, चरस यांपैकी काहीतरी लिहिलेले होते. कोणीही आकडेवारीचा चाहता इथे थांबला असता. आयोग थांबला नाही. त्या वर्षातले प्रत्येक प्रकरण त्याने उकरून काढले. नातेवाईक आणि शेजारी कोण, त्यांनी काय पाहिले होते, कागद कुठून आला, हे सगळे तपासले.

कागद इस्पितळात जन्मलाच नव्हता. वेडा म्हणून पकडलेल्या माणसाचे वर्णनपत्र पोलीस किंवा मॅजिस्ट्रेटच्या कचेरीत भरले जाई. कारणाचा रकाना रिकामा कसा ठेवायचा? माणूस गांजा ओढतो असे कोणी म्हटले की काम झाले. नाव-गाव माहीत नसलेला गोसावी सापडला, तर म्हणायलाही कोणी लागत नसे. इस्पितळाच्या अधिकाऱ्यापुढे हा कागद आला की तो तसाच वहीत उतरे. वहीतून वार्षिक तक्ता, तक्त्यातून अहवाल. शिपायाचा तर्क तीन पायऱ्या चढून विज्ञान होऊन बसला होता. छाननीअंती २२२ पैकी ९८ प्रकरणेच अशी उरली की ज्यांत गांजाचा वेडाशी संबंध सयुक्तिक मानता येईल. त्यांतल्या ३७ मध्ये दुसरेही कारण दिसत होते. निव्वळ गांजावर बोट ठेवता येईल अशी ६१ राहिली.

आयोगाच्या अहवालाचा दाखला हल्ली गांजाला निर्दोष ठरवायला दिला जातो. तसा तो देऊ नये. १९८७ साली स्वीडनच्या ४५,५७० लष्करी उमेदवारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. भरतीच्या वेळी पन्नासहून अधिक वेळा गांजा घेतल्याचे सांगणाऱ्यांत पुढे स्किझोफ्रेनिया होण्याचे प्रमाण सहापट आढळले. डेन्मार्कच्या नोंदींवरून २०१८ मध्ये दिसले की गांजाने आलेले वेड असे निदान झालेल्यांपैकी सुमारे ४७ टक्के लोक पुढे स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजाराच्या निदानापाशी पोचले. संबंध आहे, आणि पक्का आहे. पण हजारोंच्या गटात वाढलेली जोखीम ही एक गोष्ट. समोर बसलेल्या एका माणसापुढे 'कारण' म्हणून पूर्णविराम देणे ही दुसरी. या रुग्णाचा आजार अकरा वर्षांचा आहे. गांजा किती वर्षांचा, ते तिसऱ्या ओळीने सांगितलेलेच नाही. कोण आधी आले हे माहीत नसताना चौथी ओळ लिहिली गेली. १८९२ चा हवालदार अजून नोकरीत आहे म्हणायचा.

आणखी एक. कारण आणि परिणाम हे दोन वेगळे रकाने आहेत. आजार कशाने झाला याचे उत्तर कदाचित कधीच मिळणार नाही. पण आजार असलेल्या माणसाचे गांजाने आज काय होते, हे मोजता येते. चौथा रकाना ठामपणे भरला की पाचव्याची उत्सुकता मरते. लिहिणाऱ्याला वाटते, गांजाचा जो काय परिणाम व्हायचा तो होऊन गेला, हा समोर बसला आहे की.

ओळ ५. नशेचे दुष्परिणाम : विशेष नाहीत. प्रश्नावली : ४५ पैकी ७.

'विशेष नाहीत' या पदाचा अन्वय वैद्यकीय मराठीत 'विचारायला वेळ झाला नाही' असाही लागतो. तो इथे लावत नाही, कारण इथे प्रश्नावली भरून घेतली आहे, आणि अन्यथा लिहिणाऱ्यावर अन्याय होईल.

४५ गुणांची ही प्रश्नावली कोणती? विल्यम मिलर, टोनिगन आणि लाँगबॉ यांनी अमेरिकेत १९९५ मध्ये दारूच्या परिणामांची ५० प्रश्नांची यादी प्रसिद्ध केली. तिचे पाच कप्पे : शरीर, स्वतःच्या मनाशी असलेले नाते, सामाजिक जबाबदारी, माणसांशी नाते आणि आवेग. पुढे प्रश्नांत दारूबरोबर इतर नशाही घातली गेली. प्रत्येक कप्प्यातले तीन तीन प्रश्न उचलून पंधरांचा संक्षेप झाला. गेल्या तीन महिन्यांत असे किती वेळा घडले याला शून्य ते तीन गुण. पंधरा त्रिक पंचेचाळीस.

यादी चांगली आहे. तिच्या आधी बराच काळ नशेचे मोजमाप म्हणजे किती प्यायला आणि व्यसन जडले का, एवढेच असे. किती प्यायला यापासून काय झाले हे वेगळे काढणे, ही मिलर आणि मंडळींची मोठी कामगिरी. प्रश्न आहे तो ती कोणाच्या आयुष्यावर बेतली याचा. ती प्रोजेक्ट मॅच नावाच्या दारूवरील उपचारांच्या प्रचंड प्रयोगात वाढली. त्यात १७२६ लोक होते. त्या वेळी तीव्र मनोविकृतीची लक्षणे असलेल्यांना आणि राहण्याचा धड ठिकाणा नसलेल्यांना त्या प्रयोगात घेतले नव्हते. शिंप्याने माप एकाच्या अंगावर घेतले आणि सदरा दुसऱ्याला घातला. मग सदरा ढगळ झाला की आपण म्हणतो, हा माणूसच किरकोळ.

आता पंधरा प्रश्नांचा आशय आपल्या माणसाला लावून पाहू. त्याच्याकडून ज्या कामाची अपेक्षा होती ते चुकले का? त्याच्याकडून अकरा वर्षांत कोणी कसली अपेक्षाच केलेली नाही, शून्य. मैत्री किंवा जवळचे नाते तुटले का? आजाराच्या पहिल्याच वर्षी मित्र पांगले, आता जे आहेत ते चिलमीपुरते आणि ते टिकून आहेत; शून्य. चारचौघांतली पत गेली का? गल्लीत 'येडा' हे नाव पडून दशक लोटले, त्याखाली उतरायला जागा नाही, शून्य. नशेत अपघात? गाडी कधी चालवलीच नाही, शून्य. माणूस म्हणून वाढ खुंटली का, या अर्थाचा एक प्रश्न आहे. तो ऐकून तो बराच वेळ छताकडे पाहील आणि आपण घाईत शून्य लिहू. जेवणाची हेळसांड झाली का, याला दोन. घरच्यांना त्रास झाला का, याला आईकडे बघत दोन. असे करत करत सात.

हे सात कमी नुकसानाचे सात नाहीत. जे आजाराने आधीच नेले ते नशा पुन्हा नेऊ शकत नाही, म्हणून आकडा लहान आहे. भरल्या घरात चोरी झाली तर पंचनामा लांबतो. रिकाम्या घरातून शेवटचे भांडे गेले तर पंचनाम्यात एक भांडे. त्याच प्रश्नावलीत एखाद्या बँकेतल्या अधिकाऱ्याला तीस गुण पडतील. त्याच्यापुढे आपला माणूस सौम्य ठरेल, आणि व्यसनमुक्तीच्या प्रतीक्षायादीत खाली जाईल.

'मुळे' या शब्दयोगी अव्ययावरही थांबायला हवे, कारण प्रश्नावलीचा सगळा भार त्यावर आहे. नशेमुळे दुःखी झालात का, नशेमुळे लाज वाटली का. प्रत्येक प्रश्न उत्तर देणाऱ्याकडून एक बारीक न्यायनिवाडा मागतो : झालेले दुःख आजाराचे, गोळ्यांचे, घरातल्या भांडणाचे की गांजाचे, हे वेगळे कर आणि फक्त गांजाचे सांग. नुसते दारू पिणारा हे कसेबसे करतो, कारण त्याच्याकडे दारूआधीचे दिवस आणि दारूनंतरचे दिवस असे दोन ढीग असतात. ज्याला कानात आवाज रोज शिव्या घालतात, त्याने आपल्या लाजेचा कोणता वाटा गांजाच्या खात्यावर टाकायचा? मघाशी जो निवाडा आयोगाला महिनोन्महिने साक्षी घेऊन करावा लागला, तो आपण त्याला टेबलापलीकडून दहा सेकंदांत करायला सांगतो.

पूर्वपक्ष : मनोविकार असलेल्यांत ही प्रश्नावली तपासली गेली आहे. रॉजर वाइस यांच्या गटाने २००७ मध्ये बायपोलर आजार आणि नशा दोन्ही असलेल्यांवर हाच पंधरा प्रश्नांचा संक्षेप वापरला, आणि प्रश्न एकमेकांशी नीट मेळ खातात असे त्यांना आढळले. मग आक्षेप कसला?

उत्तर असे. बायपोलर आजारात दोन झटक्यांच्या मध्ये पुष्कळ जण नोकरी करतात, संसार चालवतात. त्यांच्याकडे गमावण्यासारखे असते, म्हणून मोजपट्टी त्यांना बेताची बसते. अकरा वर्षे स्किझोफ्रेनियात काढलेल्याबद्दल त्यावरून काही म्हणता येत नाही. दुसरे, प्रश्न एकमेकांशी जुळतात याचा अर्थ ते एकाच दिशेने बोट दाखवतात. त्या दिशेला सगळा मुलूख आला का, हे त्यातून ठरत नाही. गोळी चुकली का, आवाज वाढले का, वॉर्डात जावे लागले का, रस्त्यावर कोणी मारले-लुटले का, घराबाहेर काढले का, हे पंधरांत कुठे आहे? या माणसाच्या नुकसानीचा मुलूख तो आहे.

पाचवी ओळ मला लिहायची असती तर आकडा राहू दिला असता आणि पुढे जोडले असते : गेल्या महिन्यात गांजाच्या दिवशी गोळी चुकली, किती वेळा, त्यानंतर तीन दिवसांत झोप आणि आवाज कसे, वर्षात किती वेळा दाखल, त्याआधीच्या आठवड्यात काय घेतले होते. पाच मिनिटांचे काम आहे. पाच मिनिटे ओपीडीत कमी नसतात, हेही खरे.

ओळ ६. पैशांची अडचण : नाही.

त्याच्याजवळ पैसे नाहीत, म्हणून पैशांची अडचण नाही. अडचण आईची आहे आणि तिला विचारलेले नाही. हीच गोष्ट लॉस एंजेलिसमध्ये फार सुबक रीतीने मोजली गेली. स्किझोफ्रेनिया आणि कोकेन दोन्ही असलेल्या १०५ पुरुषांचा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. अपंगत्वाचा सरकारी चेक महिन्याच्या सुरुवातीला येई. त्यानंतरच्या थोड्याच दिवसांत कोकेन वाढे, लक्षणे वाढत आणि रुग्णालयातल्या भरत्याही वाढत. कोणालाही 'मुळे' विचारावे लागले नाही. रक्कम येण्याचा दिवस आणि त्यामागून येणारा उतार दिनदर्शिकेतच दिसला. आपल्याकडे संजय गांधी निराधार योजनेची रक्कम खात्यात पडते, त्या आठवड्यात घरात काय होते, हे बहुतेक आयांना तोंडपाठ असते.

ओळ ७. पोलीस केस : नाही.

या ओळीवर फार वेळ घालवू नये. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेने २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत नशेच्या विकाराच्या निकषांतून कायद्याची कटकट काढूनच टाकली आणि तिच्या जागी तलफ आणली. ते योग्यच झाले. पोलिसाने पकडले का, हे नशेपेक्षा पोलिसावर अवलंबून असते. आपल्याकडे तर १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजाचा शेंडा गुन्हा आहे आणि भांगेचे पान त्या व्याख्येबाहेर. आणि महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू पिणारा कागदोपत्री अजूनही कायदा मोडतच असतो. 'नाही' याचा अर्थ इतकाच, की हा घरात ओढतो.

ओळ ८. लघवी : गांजा पॉझिटिव्ह.

खरे बोलणारी ओळ, पण एकच वाक्य बोलणारी. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत गांजाचा अंश काही आठवडेही सापडतो. दारूचा मागमूस तासांत जातो. म्हणून चाचणी गांजाला पकडते आणि शनिवारच्या दारूला सोमवारी सोडून देते. घेतले एवढे कळते. घेतल्याने काय झाले, ते बाटलीत उतरत नाही.

ओळ ९. आई म्हणते, ओढली की शांत बसतो.

सबंध नोंदीत परिणाम म्हणावा अशी माहिती फक्त या ओळीत आहे, आणि तिला गुण नाहीत.

गंमत अशी की ५० प्रश्नांच्या मूळ यादीत नशेच्या सुखाबद्दलही पाच प्रश्न आहेत : चव आवडली का, मन सैलावले का, या जातीचे. पण ते बेरजेत धरत नाहीत. उत्तर देणारा लक्ष देऊन वाचतो आहे ना, हे पकडायला ते पेरलेले आहेत. वर्षानुवर्षे पिणारा माणूस 'कधीच बरे वाटले नाही' म्हणाला, तर बाकीची उत्तरेही संशयाने पाहायची. म्हणजे सुख आहे ते फक्त खोटे पकडण्यापुरते.

आईच्या वाक्यात दोन गोष्टी एकत्र आहेत, आणि त्या वेगळ्या करणे हे भाष्यकाराचे काम. ओढल्यावर त्या संध्याकाळी तो शांत बसतो, येरझाऱ्या थांबतात, तिला स्वयंपाक करता येतो. हे खरे आहे, ते अज्ञान म्हणून खोडू नये. आणि त्या शांततेनंतर दोन-तीन दिवसांनी काय होते, हे ती सांगत नाही, कारण तिला कोणी त्या दिवसांबद्दल विचारलेले नाही. 'मग मंगळवारी कसा होता?' एवढे विचारले तर ती सांगू लागते : रात्रभर जागा होता, टीव्हीतला माणूस आपल्याबद्दल बोलतो म्हणाला, ताटाला हात लावला नाही. संध्याकाळ आणि मंगळवार तिच्याजवळ वेगवेगळे ठेवलेले आहेत. त्यांना जोडणारी दोरी आपण द्यायची.

तिच्या साक्षीतही आडपडदा असतो. गांजाचे पैसे कधी तीच देते, आरडाओरडा नको म्हणून. ते पहिल्या भेटीत कळत नाही. कळावे अशी अपेक्षाही करू नये.

ओळ १०. आजाराची जाण : नाही.

या ओळीचा छुपा उपयोग असा होतो की रुग्णाचे बोलणे बाद ठरते. जाण नाही, मग त्याला परिणाम काय विचारायचे? पण आवाज खरे आहेत असे मानणारा माणूसही काल किती बिड्या ओढल्या हे बऱ्यापैकी सांगतो, विशेषतः सांगितल्याने वॉर्डात डांबणार नाहीत एवढी खात्री असेल तर. त्याला घटना विचारावी, निवाडा विचारू नये. ड्रेक आणि म्यूझर यांच्या गटाने उपचार करणाऱ्यांसाठी केलेल्या पाच पायऱ्यांच्या मापनात हाच शहाणपणा आहे. शून्य नशेपासून ते व्यसनापायी संस्थेत राहावे लागण्यापर्यंत पायऱ्या. काळ गेल्या सहा महिन्यांचा. आणि पायरी ठरवायची ती रुग्णाचे म्हणणे, घरच्यांचे म्हणणे, तपासण्या आणि स्वतःचे निरीक्षण एकत्र ठेवून. आकडा एकच निघतो. पण तो चौघांच्या साक्षीने निघतो.

ओळ ११. सल्ला : नशा बंद. पुन्हा १५ दिवसांनी.

'नशा बंद' कोणी करायची आणि कुठे, हे लिहिलेले नाही, कारण लिहिणाऱ्यालाही ते सांगता आले नसते. व्यसनमुक्ती केंद्र म्हणते, आधी डोके ताळ्यावर आणा. मानसोपचार विभाग म्हणतो, आधी गांजा सोडवा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोविकाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्था घेतल्या आहेत. खिडक्या मात्र दोन. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारातच सुरू झाले होते. सुरू करणाऱ्या डॉ. अनिता अवचट त्याच रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. लेखक अनिल अवचटांचे 'गर्द' हे पुस्तक ज्यावर आहे, त्या गर्दची, म्हणजे ब्राउन शुगरची, तेव्हा शहरात लाट होती. दोन खिडक्या एका कुंपणात असू शकतात, हे मराठी वाचकाला नवे सांगायला नको.

'१५ दिवसांनी' का? गोळ्या पंधरा दिवसांच्या दिल्या म्हणून. प्रश्नावली तीन महिने मागते, ड्रेक-म्यूझर सहा महिने, आणि औषधखिडकी पंधरा दिवस. यांतला एकही काळ या घरात पाळला जात नाही. घरात वेगळीच दिनदर्शिका आहे. स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय टांगलेले असते, आणि त्याच्या चौकटींत आई दुधाचा हिशेब ठेवते. दूध आले नाही त्या दिवशी खाडा. महिनाअखेर दूधवाल्याशी वाद नको म्हणून हे ती न चुकता करते. पुढच्या भेटीला ते पान घडी घालून आणा म्हणावे. दुधाच्या खाड्याशेजारी गोळीच्या खाड्याची एक रेघ, ओढल्याच्या दिवशी एक टिंब, रात्र जागून काढली तर तारखेभोवती गोल. पंधरा दिवसांनी ती एकटीच आली, तो आलाच नाही, तरी पान टेबलावर पसरता येईल.